वारा विचारणाऱ्या दातारबाई

दातारबाई कुणाच्याही घरी गेल्या की आधी गॅलरीत जाऊन समोरच्या दोऱ्यांवरचे कपडे बघायच्या. विश्रांतवाडीतल्या त्यांच्या शेजारणींना याचा रागच यायचा. बाई वारा बघतात, हे त्या बिचाऱ्यांना कुठून कळणार! शहराबाहेरच्या एका छोट्या फ्लाइंग क्लबात बाई विमान चालवायला शिकवत.

मी अमरावतीची, खराडीत सॉफ्टवेअरच्या नोकरीला लागलेली. पहिली पगारवाढ झाली आणि मला विमान शिकायची हुक्की आली. बाईंनी मला नखशिखांत न्याहाळलं. "काम बसूनच करता ना? मग जमेल. हेही बसूनच करायचं असतं."

उतरताना त्यांची नजर धावपट्टीच्या कडेला कुंपणापलीकडे असलेल्या एका कौलारू घराकडे असे. तिथे दोरीवर नऊवारी लुगडी वाळत. वाऱ्याची दिशा दाखवणारा क्लबाचा कापडी मोजा पार दुसऱ्या टोकाला, ऑफिसाजवळ होता. "तो साहेबांच्या खुर्चीजवळचा वारा सांगतो," बाई म्हणायच्या. "चाकं टेकतात तिथला वारा ही बाई सांगते."

पुढे त्या घराभोवतालचं रान विकलं गेलं. घर पडलं आणि तिथे काचेची उंच इमारत उभी राहिली. दोरी गेली, पण बाईंची मान त्या बाजूला वळायची काही थांबली नाही.

त्या दुपारी वारा आडवा होता. विमान मी चालवत होते, बाई शेजारी होत्या. अगदी टेकायच्या वेळी त्यांनी सवयीने तिकडे पाहिलं, आणि इमारतीच्या आडोशातून बाहेर पडताक्षणी वाऱ्याने आमचा एक पंख उचलला. "द्या माझ्याकडे," बाई म्हणाल्या, पण तोवर विमान धावपट्टीच्या बाहेर घसरलं होतं. चाक चरात जाऊन मोडलं आणि विमान कलंडलं. माझा ओठ फाटला. बाईंच्या मणक्याला मार बसला.

क्लबाचे सेक्रेटरी दवाखान्यात आले आणि म्हणाले, वाऱ्याचा अचानक झोत आला असं चौकशीत सांगा. बाई पडल्या पडल्या म्हणाल्या, "झोत अचानक असेल. इमारत अचानक नव्हती. ती माझ्या डोळ्यांदेखत उभी राहिली."

मग डॉक्टरांनी सांगितलं की यापुढे विमान चालवणं बंद. बाईंनी भिंतीकडे तोंड केलं. म्हणाल्या, "जमिनीवर बसून मी कुणाला काय शिकवणार?" मला फार वाईट वाटलं. भीतीने मीही उडणं सोडायचं ठरवलं होतं, पण ते त्यांना सांगायचा धीर झाला नाही.

दोन दिवसांनी नऊवारीतल्या एक बाई खोलीच्या दारात आल्या. त्या कौसाबाई. "इमान आमच्या रानाजवळ पडलं म्हनून बघाया आले," त्या म्हणाल्या. लुगडी त्यांचीच होती हे कळल्यावर दातारबाई धडपडत उठून बसल्या. आता कपडे कुठे वाळत घालता, असं त्यांनी विचारलं. कौसाबाई वैतागून म्हणाल्या, "फ्लॅटात ऱ्हातो नव्हं. कापडं भाईर दिसाया नकोत, असा नेम हाय तिथं." अपघातानंतर दातारबाई पहिल्यांदा हसल्या.

मी पुन्हा शिकायला लागले ती दातारबाईंच्या धाकाने. नव्या शिक्षकांनी एका सकाळी मला एकटीला वर पाठवलं. वारा पुन्हा आडवा. उतरायला वळले तेव्हा शेजारची सीट रिकामी होती. सवयीने मान वळली. इमारतीच्या पुढे, कुंपणाला लागून, प्लास्टिकच्या खुर्चीत कमरेला पट्टा बांधलेल्या दातारबाई बसल्या होत्या. शेजारी कौसाबाई दोन्ही हातांनी एक बांबू धरून उभ्या होत्या आणि त्यावर हिरवं लुगडं फडफडत होतं, धावपट्टीच्या दिशेला, अगदी आडवं. वाऱ्याने पुन्हा उचलू नये म्हणून मी त्याच्याकडचा पंख जरा खाली घेतला. चाकं टेकली.

धावत कुंपणापाशी गेले. मला रडू आवरेना. बाईंनी घड्याळाकडे पाहिलं.

"रडून झालं की पुन्हा वर जा," त्या म्हणाल्या. "लुगडं अजून ओलं आहे."