काचेचं कौल

सोळा वर्षांची असताना मी एक मूर्खपणा केला. घरावरची नळीची कौलं उतरवून पत्रे घालायला लावले, आणि मागच्या खोलीवर कौलांच्या मधे एक काचेचं कौल होतं, तेही काढून टाकायला सांगितलं. एवढंच. ऐकायला काहीच नाही. म्हणून तर आजवर कुणाला बोलले नाही. लोक म्हणाले असते, मग त्यात बिघडलं काय?

तीस-पस्तीस सालच्या आसपासची गोष्ट. पंचवटीतलं आमचं घर लहानच. त्यात आम्ही तिघं: मी, हे, आणि यांची आत्या. सासू-सासरे आधीच गेलेले, त्यामुळे मिसरूड नसलेल्या पोरानं फेटा बांधून हिंडावं तशी मी कमरेला किल्ल्या अडकवून हिंडत असे. किल्ल्या तरी कसल्या? एक कोठीची, आणि दुसरी कशाची होती ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. पण वाजायच्या छान.

आत्याबाई आठव्या वर्षी विधवा झालेल्या. डोक्यावरून लाल आलवण, जेवण एक वेळ. पुढच्या दारात दिसायचं नाही, हळदीकुंकवाला बायका आल्या की सावलीसुद्धा पडू द्यायची नाही. त्यांची जागा मागच्या खोलीत. तिला खिडकी नव्हती. त्या काचेच्या कौलातून येईल तेवढाच उजेड. दिवस चढला की उन्हाचा एक तुकडा भिंतीवर उतरायचा, मग जमिनीवर यायचा आणि सरकत सरकत जात्यापाशी जाऊन विझायचा. आत्याबाई त्याच्याबरोबर सरकत. तांदूळ निवडणं त्यात, वाती वळणं त्यात. आणि ऊन भिंतीवर दिसलं रे दिसलं की म्हणायच्या, "आले गं बाई, आले!"

नवी होते तेव्हा मी फसले. "आले" म्हणजे नवराच येणार, दुसरं कोण? मी पदर सावरला, पाय धुवायला पाण्याचा तांब्या घेतला आणि दारात जाऊन उभी राहिले. रस्त्यावर एक गाढव. मागून आत्याबाई हसताहेत: "अगं, तुझे नाही, माझे आले!" त्या वयाच्या बाईनं आलवणातून अशी थट्टा करावी, याची मला तेव्हा लाजच वाटली. मी शहाणी ना!

आता पत्र्यांचं. कौलांवर माकडं नाचायची, कौलं फुटायची, पावसात गळायचं. दर वैशाखात कौलं चाळायला माणूस आला की वरची माती लोणच्यात. एकदा विंचू पडला, तोही माझ्याच अंथरुणावर. त्यात यांच्याबरोबर देवळाली कॅम्पात गेले आणि तिथल्या बराकींचे पत्रे उन्हात चकाकताना पाहिले. झालं! गोऱ्या साहेबाला जे चालतं ते आपल्याला नको? मी जेवणं सोडली. म्हणजे यांच्यासमोरची. मागून खात होते. हे बिचारे घाबरले आणि पत्रे आले.

छप्पर उघडं पडलं ते दोन दिवस आत्याबाई खोलीत ऐन उन्हात बसल्या. मी म्हटलं, "पुढच्या खोलीत सावलीला या." तर म्हणाल्या, "नको गं, आज वऱ्हाडासकट आलेत. उठून कशी जाऊ?" तोंड लाल झालेलं, घाम ओघळतोय, आणि बाई हसतेय. मला वाटलं, नव्या छपराचा आनंद झालाय. मी स्वतःवर इतकी खूश की शेजारणींना बोलावून दाखवलं.

सुतारानं वरून विचारलं, "वहिनी, इथं काचेचं कौल होतं. पत्रा कापून काच बसवू काय?"

"नव्याकोऱ्या छपराला भोक? लोक हसतील!"

"ऱ्हायलं. तेवढंच काम वाचलं," म्हणून त्यानं पत्रा ठोकला. आत्याबाई खाली बसल्या होत्या. वर बघत होत्या. त्यांना विचारायचं असतं हे मला ठाऊक नव्हतं. त्या घरात ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

त्यांना मी चिमणी दिली. भर दुपारी चिमणी! वर पत्रा तापलेला, खाली रॉकेलचा धूर. भातात खडे येऊ लागले. यांच्या दाताखाली एक आला तेव्हा मी यांच्यादेखत म्हणाले, "आत्याबाई, डोळे गेले का तुमचे?" त्यांनी ताटातला भात चिवडून उरलेले खडे काढून दिले. तेही बोटांनी चाचपून.

पुढं त्याच पत्र्याला गंज चढून भोकं पडली, आणि मागच्या खोलीत चांगलं चार ठिकाणी ऊन येऊ लागलं. तोवर खोलीत सरपण भरलेलं होतं. सरपणाला उजेडाचं काय करायचंय?

पण हे नंतरचं. पत्रे घातले त्याच पावसाळ्यातली एक दुपार. उघडीप होती, बाहेर लख्ख ऊन. थेंबभर गळलं नव्हतं म्हणून मी फुशारून मागच्या खोलीत डोकावले. आत्याबाई भिंतीकडे तोंड करून बसलेल्या, मांडीवर सूप तसंच. मला थट्टा सुचली. मी दारातूनच ठसक्यात विचारलं, "काय हो आत्याबाई, हल्ली येत नाहीत वाटतं तुमचे?"

त्यांनी मान वळवली नाही. म्हणाल्या, "पहिल्या खेपेला गेले तेव्हा मी सागरगोटे खेळत होते गं, मला कळलंसुद्धा नाही. या खेपेला कळलं."