बुवांची अर्धी ओळ

मंडळी, दुपारी उमापूरहून परतलो. घरात बोलायला कुणी नाही, म्हणून तुम्हाला सांगतो.

आमच्या भजनी मंडळाच्या बुवांना लकवा झाला, बोलणं गेलं. पंधरा वर्षं मी त्यांच्या मागे गायलो. बुवांनी ओळ अर्धी सोडली की मी ती उचलायचो. पुढे गाणं सोडून स्पीच थेरपी शिकायला निघालो, तेव्हा ते म्हणाले होते, "जा बे, देवाचा गळा दवाखान्यात घेऊन." त्यानंतर बारा वर्षं आमचं बोलणं नाही.

आज बुवांच्या पत्नीनं, काकूंनी, उमापूरला बोलावलं. दारातच म्हणाल्या, "आता घावली व्हय रं वाट?"

मी बुवांसमोर बसलो. आधी काकूंनाच बजावलं, "ते अडले तर शब्द पुरवू नका. कितीही वेळ लागू द्या."

बुवा माझ्याकडे बघत राहिले. बऱ्याच वेळानं आवाज फुटला, "तू..."

आणि मी सवयीनं ओळ उचलली. "मी आलो, बरं वाटलं ना बुवा?"

त्यांनी हो म्हणून मान हलवली आणि डोळे मिटून घेतले. थकलेला पेशंट कशालाही हो म्हणतो, हे मी रोज त्याच्या घरच्यांना शिकवतो.

काकू म्हणाल्या, "आमाला दम धरा म्हणतोस, अन् तुलाच न्हाई निघाला?"

संध्याकाळी देवापुढे दिवा लावला, पण काय मागावं सुचेना. बुवा मला शिवी देणार असते तरी चाललं असतं. ती त्यांची स्वतःची असती.

तुमच्या घरी कुणी अडखळत बोलत असेल, तर त्याचं वाक्य कोण पुरं करतं?