हँडलचे सात धागे

नव्वदच्या दशकाची पहिली वर्षं. मी जळगावच्या एका दैनिकात उपसंपादक होतो. धुळ्याच्या एका क्रीडा मंडळाने त्या वर्षी वेगळीच स्पर्धा जाहीर केली. पहाटे मेहरूण तलावात पोहायचं, ओल्या अंगाने सायकलवर बसून धुळं गाठायचं आणि तिथे सायकल टाकून धावायचं. सगळं एकाच दिवशी. मी नाव दिलं. पोहता येत होतं, धावण्याची सवय होती, प्रश्न सायकलचा होता. घरची सायकल दूधवाल्याकडे असते तशी काळी आणि जड. तिच्यावर नव्वदेक किलोमीटर काढून पुन्हा धावणं मला जमलं नसतं.

सायकल मिळाली ती कामामुळे. महामार्गावरच्या एका पोलिस ठाण्यात बेवारस वाहनांचा लिलाव होता. बातमी करायला गेलो आणि सायकल घेऊन आलो. गंजलेल्या मोपेडच्या मागे ती उभी होती: हलकी, वाकड्या हँडलची, शर्यतीची. टायर सडले होते, चेन गेली होती, सांगाडा मात्र सरळ होता. बोली लावणारा मी एकटाच.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी सायकलचं दुकान चालवणाऱ्या आबांनी ती आठ दिवसांत उभी केली. सीटची उंची ठरवायला त्यांनी मला बसवलं, पान्हा हातात घेतला आणि तसाच खाली ठेवला.

"काही करायचं नाही," ते म्हणाले. "ही तुमच्याच मापाची केलेली आहे."

"योगायोग."

"असेल. हँडलपण तुमच्याच हाताला आहे. मी चाळीस वर्षं सायकली बसवतोय, भाऊ. दुसऱ्याची सायकल अशी बसत नाही."

हँडलच्या मानेला पिवळे पडलेले धागे बांधलेले होते. एकावर एक, सात. आमच्याकडच्या कापूसवाल्या घरांत पहिल्या वेचणीच्या कापसाचा धागा हाताने वळतात, हळदीत बुडवतात आणि दसऱ्याला औताला, बैलाच्या शिंगाला, सायकलीला बांधतात. दर दसऱ्याला एक. मी आबांना ते कापायला सांगितलं.

"मी नाही कापणार. ज्याने बांधला त्यानेच सोडायचा असतो." मग हसून म्हणाले, "तुम्ही पेपरवाले. कापायची सवय तुम्हाला. घ्या कात्री."

मीही कापले नाहीत.

सुट्टीच्या दिवशी दुपारी मी सरावाला निघू लागलो. महामार्गावर भर उन्हात गर्दी कमी असे. पहिल्याच दिवशी लक्षात आलं की पाळधीजवळ धरणगावचा फाटा आला की हँडल उजवीकडे ओढतं. जोरात नाही. ओळखीच्या माणसाने बाही धरावी इतपतच. आबांनी चाक दोनदा तपासलं. दोष नव्हता. फाट्यावर रस्त्याला उजवीकडे उतार आहे, हेही इथे नोंदवतो.

फाट्यावरच्या रसवंतीवाल्याने न विचारता बिनबर्फाचा रस पुढे केला.

"तुम्हाला बर्फ चालत नाही ना," तो म्हणाला. "बऱ्याच दिवसांनी आलात."

मी तिथे कधीच थांबलो नव्हतो. तो माझ्या तोंडाकडे बघत नव्हता. सायकलकडे बघत होता. मला बर्फ खरंच चालत नाही.

तिसऱ्या आठवड्यात मी हँडलला जाऊ दिलं. धरणगावच्या रस्त्याला चार-पाच किलोमीटर गेल्यावर कपाशीच्या शेतातून एक म्हातारी झपाझप चालत आली आणि रस्त्याच्या मधोमध उभी राहिली. मला ब्रेक दाबावा लागला. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. हँडलच्या मानेवर बोट ठेवून धागे मोजले.

"सात शेतस. बराबर शे." मग हसली. "त्यानी हाई सायकल इकी का तुले?"

मी सायकलवरून खाली उतरलो.

"इकी टाकी व्हई. पैसा लागना व्हतीन. सुरतले शे ना मना पोऱ्या?"

तिचा धाकटा मुलगा तीन वर्षांपूर्वी याच सायकलवरून कुठल्याशा शर्यतीसाठी धुळ्याला निघाला, तो परतला नव्हता. थोरलाही असाच न सांगता सुरतेला कामाला गेला होता आणि दोन वर्षांनी त्याचं पत्र आलं होतं. म्हणून ती धाकट्याच्या पत्राची वाट बघत होती. आता सायकल विकली गेली म्हणजे विकणारा जिवंत, असा तिचा हिशेब होता.

"मी बठ्ठासले, गावले सांगसू, तो चांगला शे," ती म्हणाली. मी मान हलवली. होकारार्थी की नुसतीच, हे आजही सांगता येत नाही.

दुसऱ्या दिवशी कचेरीत जुन्या अंकांची फाइल काढली. लिलाव झालेल्या ठाण्याच्या हद्दीतली, तीन वर्षांपूर्वीची बातमी आतल्या पानावर होती. 'ट्रकच्या धडकेत अनोळखी सायकलस्वार ठार.' चार ओळी. खिशात कागदपत्रं नव्हती, सायकल ठाण्यात जमा केली आहे. पुढे काही नाही.

बातमी ज्याने पाठवली होती तो आमचा वार्ताहर आठवड्याने कचेरीत आला. त्याला विचारलं.

"धाग्यांचं लिहिलं होतं मी, साहेब," तो म्हणाला. "शेवटच्या ओळीत. हँडलला हळदीचे सात धागे, ओळख पटल्यास ठाण्यात कळवावे. तुम्हीच उडवलं. बियाण्याची जाहिरात आली होती. मी फोनवर भांडलो होतो, आठवतं का?"

आठवलं नाही. पण त्या पानावर बियाण्याची जाहिरात होती आणि त्या महिन्यात ते पान मी लावत होतो. महत्त्वाचं वर, कमी महत्त्वाचं खाली, जागा कमी पडली तर खालून कापायचं. मला हेच शिकवलं होतं. आठ दिवस वाट पाहून पोलिसांनी त्या प्रेताला अग्नी दिला होता.

स्पर्धेच्या तीन दिवस आधी पुन्हा त्या शेतावर गेलो आणि म्हातारीला सगळं क्रमाने सांगितलं. ती बांधावर बसून ऐकत होती. शेवटी म्हणाली,

"पेपरमा तसं नव्हतं. सहा महिना गुरुजी मले रोज वाची दाखाडे. सायकलवाला तं त्या रस्तावर रोजच मरतस. धागा व्हतात का त्यामा?"

"होते, अक्का. मी कापले."

तेव्हा तिने पहिल्यांदा माझ्या तोंडाकडे पाहिलं. बराच वेळ.

"मंग आते छाप. छापशी तव्हय मी मानसू."

छापलं. संपादकांनी विचारलं, तीन वर्षांनी याची काय बातमी? मी म्हटलं, राहिलेली ओळ आहे. स्पर्धेच्या दिवशीच्या अंकात ती आली, आतल्या पानावर, तळाला.

आदल्या संध्याकाळी आबांनी स्वतःची काळी सायकल धुऊन, तेल घालून दारात उभी केली होती. ते म्हणाले, "जड आहे, पण हिच्यावर तुम्ही एकटेच असाल. ती नका नेऊ." मी शर्यतीचीच नेली. आबांच्या सायकलवर मला कोणी ओळखलं नसतं.

तलावातून मी नववा बाहेर पडलो. सायकलवर दोघांना मागे टाकलं. ऊन चढायला लागलं होतं. फाटा दिसला तसं हँडल ओढू लागलं, आणि रसवंतीसमोर ती उभी होती. पहिल्या एसटीने आली असावी. हातात अंकाची घडी होती.

"उतर."

मी उतरलो. सायकल धरून उभा राहिलो. ती गाठी सोडायला लागली. जुन्या हळदीने धागे एकमेकांना चिकटले होते. तिची नखं बोथट होती, पण तिने मला हात लावू दिला नाही, दातही लावले नाहीत. एकेक सोडून पदराच्या टोकात ठेवत गेली. शर्यतीतले लोक शेजारून जात होते. एकाने ओरडून विचारलं, "पंक्चर का?" रसवंतीवाल्याने यंत्र थांबवलं होतं. पाचव्या गाठीला ती थांबली, श्वास घेतला, पुन्हा वाकली. ती रडली नाही. तोंडाने काहीतरी मोजत असावी, ओठ हलत होते.

सातवा धागा सुटल्यावर तिने पदराला गाठ मारली.

"जाय आते," ती म्हणाली. "बठ्ठा पुढे निंघी ग्यात."

मी बसलो. पाय पेडलला पोचेना. पोचला, पण ताणून. सीट बोटभर उंच वाटत होती. धुळ्यापर्यंत ती तशीच टोचत राहिली. मी शेवटून दुसरा आलो.

फाटा ओलांडताना हँडल सरळ राहिलं. रस्त्याचा उतार होता तसाच होता.