मशीनचा सेल सरतच नव्हता

आमच्या बुढ्याचे कान गेले, हे मीच ठरवलं. कोण्या डॉक्टरनं नाही सांगितलं. लोखंडाच्या प्लांटातून रिटायर झाल्यावर क्वार्टर सोडून आम्ही जुनवानीले राहाले आलो, अन् बुढ्याचं बोलणं कमी कमी होत बंदच झालं. चहा देऊ का म्हटलं त जबाब नाही. पोरगा समोरून आला-गेला त मान वर नाही. ताट ठेवलं त अर्धं खाणार, नाही त तसंच राहू देणार.

सारी जिंदगी त्यानं रोलिंग मिलमंधी काढली. त्याच्या संगचे कितीक जण तिथल्या आवाजानं भैरे झाले. मग मले वाटलं, याचंही तेच. दुसरं काही असू शकते, हे डोक्यातच आलं नाही. मी चौथी शिकली. पण भैरा माणूस वळखाले शाळा कायले पाह्यजे?

पोरगा हथखोजले एका कारखान्यात कामाले आहे. घरी तो मराठीत सुरू करते अन् हिंदीत संपवते. त्यानं मोबाइलमंधी पाहून सांगितलं, "आई, बाबाले काही नाही झालं, उमर का असर है. मशीन लगा देते हैं." सिविक सेंटरच्या बाजारातून कानाची मशीन घेऊनच आला. ना तपासणी, ना काही. बुढ्यानं मुकाट्यानं कानात घातली अन् खुर्चीवर जाऊन बसला.

मशीन लावूनही जबाब येईना, म्हणून मी ओरडाले लागली. "अजी, आंघोळीचं पाणी काढलं!" बाजूची सून भिंतीपलीकडून हासे. "काकू, तुमच्या आवाजानं आमचा कुकर शिटी द्याचं विसरला ना!" मीही हासू. करणार काय.

ओरडण्यानं माणूस थकते. अन् भैऱ्या माणसासमोर बोलाले भेव कायचं? एक दिवस बाजूची सून अन् मी अंगणात मेथी निवडत होतो. बुढा तीन हातावर, खुर्चीत. मी म्हटलं, "मी थकली माय. दगडासंग राहून राहिली. देवानं याले उचललं त हाही सुटन अन् मीही सुटीन." बुढा भिंतीकडं पाहत होता.

मग काही महिन्यांनी तेच सून मशीनचा सेल मांगाले आली. तिच्या सासऱ्यालेही मशीन आहे.

"एक सेल द्या ना काकू, आमच्या मामाजींचा सरला. आठ दिवस नाही टिकत."

"आमचा त सरतच नाही. आणला तवाचा तोच आहे."

"तवाचा तोच? काकू, चालू करतात का ते?"

मी बुढ्याच्या कानातून मशीन काढून तिच्या हातात देली. तिनं खटका पाहिला. बंद. इतके महिने त्यानं ते मशीन बोळ्यासारखी कानात घालून ठेवली होती.

दुसऱ्या दिवशी प्लांटातून भेटलेली मेडिकलची किताब घेतली अन् त्याले ऑटोत बसवून प्लांटच्या दवाखान्यात नेलं. कानवाल्यांनी त्याले एका बंद खोलीत बसवलं, हातात बटन देलं. आवाज आला की दाबाचं. काचेतून मी पाहत होती. बुढा बटन दाबत होता. पुन्हा दाबत होता.

डॉक्टर म्हणे, "थोड़ा कम है, उमर के हिसाब से. आपकी बात तो पूरी सुनते हैं."

"पर साब, जबाब नहीं देते."

"वो कान का मामला नहीं है, अम्मा." त्यानं मनाच्या डॉक्टरसाठी चिठ्ठी लिहून देली.

मी बाहेर बाकड्यावर बसली. मनाचा डॉक्टर म्हणून भेव नाही वाटलं. मेथी निवडतानाचं ते बोलणं आठवलं. म्हणजे त्यानं सारं आयकलं होतं.

घरी पोरगा म्हणे, "आई, पागलों का डॉक्टर? मोहल्ले में क्या बोलेंगे?"

"तुयी मशीन झाली, माया अंदाज झाला," म्या म्हटलं. "आता ज्याचं काम आहे त्याले पाहू दे."

मनाची डॉक्टरीन नातीच्या उमरीची. झोप विचारली, भूक विचारली, मी सांगत गेली. मग तिनं माझ्याकडं पाहणं बंद केलं अन् त्याले सरळ विचारलं, "बाबूजी, कभी लगता है कि अब जीना नहीं है?"

बुढा मराठीत बोलला. किती महिन्यांनी त्याचा आवाज आयकला. "हे म्हणते, मी गेलो त हे सुटन. मलेही तसंच वाटते."

डॉक्टरीनले मराठी येत नव्हतं. "क्या बोले, अम्मा?"

गुडघे दुखतात म्हणतात, असं सांगतलं असतं त तिनं तेच लिहिलं असतं. कोणाले समजलं नसतं. म्या जसंच्या तसं सांगतलं. माझं बोलणं, माझ्याच तोंडानं, हिंदीत.

ते रागावली नाही. म्हणे ही बीमारी आहे, इलाज होते. त्याले एकटं नाही सोडाचं, घरातल्या साऱ्या गोळ्या तुमच्याजवळ ठेवाच्या, आठ दिवसांनी घेऊन या. "और गोली अपने मन से बंद मत करना."

दोन-तीन महिन्यांनी बुढा पोटभर जेवाले लागला, तवा वाटलं होतं, आता कायले गोळ्या. मग आठवलं, याले भैरा कोणं ठरवलं होतं ते. गोळ्या चालू आहेत.

अजूनही कोण्या दिवशी तो बोलते, कोण्या दिवशी नाही. मीही थकलीच आहो, खोटं कायले बोलू. ओरडाची सवय अजून गेली नाही. परवा सकाळी स्वयंपाकघरातून ओरडली, "अजी, चहा झाला!" पाहते त बुढा दारातच उभा.

"कावून बोंबलतं? आयकू येते मले."

म्या गॅस कमी केला. हळूच म्हटलं, "तवा मेथी निवडताना मी जे बोलली..."

"माहीत आहे," तो म्हणे. कप उचलला, एक घोट घेतला. "बुधवारी डॉक्टरीनबाईकडं जाचं आहे. किताब काढून ठेव."