लाल रेघांचा कागद, निळ्या रेघांचा कागद

लिहिणं हे माझं काम नाही, हे मला कळतं. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला. परीक्षेचे पेपर, बसच्या पासचे फॉर्म आणि एक रजेचा अर्ज, एवढंच आजवर माझ्या हातून लिहून झालं आहे. टी-शर्टावर चित्र चिकटवायच्या कागदाबद्दल लिहून चांगल्या वाचकांचा वेळ घ्यावा की नाही, यावर मी बरेच दिवस अडलो होतो. तरी लिहितो आहे. चुकेल तिथे सांभाळून घ्या.

वाशिमला आमच्या कॉलेजच्या रस्त्यावर छपाईचं एक छोटं दुकान आहे. पुढच्या खोलीत लग्नपत्रिका आणि बॅनरचं काम चालतं, मागच्या खोलीत टी-शर्टची प्रेस मशीन आहे. काम बघायला सोपं वाटतं. कॉम्प्युटरवर केलेलं चित्र एका खास कागदावर छापायचं, तो कागद टी-शर्टवर ठेवायचा, वरून तापलेली मशीन दाबायची आणि मग कागद सोलून काढायचा. चित्र कापडावर राहतं. कॉलेज सुटलं की आम्ही दोघं तिथे काम करायचो. एक मी, इंझोरीचा, आणि दुसरा माझ्याच वर्गातला, माझ्याच बाकावर बसणारा, आसेगावचा.

त्याच्याबद्दल लिहिताना मला खरं लिहायचं आहे. मी त्याच्यावर जळायचो.

त्याचं काही वाईट नव्हतं, हीच अडचण होती. त्याचा मोठा भाऊ आधी कॉलेज शिकून गेलेला, म्हणून कोणत्या खिडकीवर कोणता फॉर्म द्यायचा, क्लार्कशी कसं बोलायचं, हे त्याला पहिल्या दिवसापासून माहीत. मी वाक्य मनात दोनदा म्हणून बघायचो, तोवर त्याचं काम होऊन गेलेलं असायचं. दुकानातही तेच. कागद सोलताना मी कोपरा धरून जीव मुठीत घेऊन हळूहळू ओढायचो. तो बोलता बोलता एका झटक्यात काढायचा आणि चित्राचा एक ठिपकाही हलायचा नाही. दुकानदाराला आम्ही भाऊ म्हणायचो. भाऊ त्याला ‘कलाकार’ म्हणायचे. मला ते काहीच म्हणायचे नाहीत. चहा आला की पहिला कप त्याच्याकडे जायचा. भाऊंच्या हे लक्षातही नसेल. मी मात्र रोज बघायचो.

गेल्या वर्षी भाऊंनी ठरवलं की शिरपूरच्या स्टँडजवळ दुसरी मशीन टाकायची. तिथल्या जैन मंदिराला यात्रेकरू येतात, जाताना टी-शर्ट नेतील. तिथे आमच्यापैकी एकाला बसवणार होते. दुकानाची चावी त्याच्याकडे राहणार, गिऱ्हाईक त्याच्याशीच बोलणार. मला ती जागा इतकी हवी होती की मी ते कुणाला बोलूनही दाखवलं नाही. त्यानं सरळ बोलून दाखवलं आणि दुसऱ्याच दिवशी तिथल्या दुकानाचा बोर्डही रंगवायला घेतला.

“अजून ठरलं कुठं हाय?” मी म्हटलं.

“कोनीही बसो ना बे. बोर्ड तं लागनच ना?”

अशा उत्तराचं काय करायचं, सांगा.

त्याच दिवसांत सुरतेहून दोन नवे कागद नमुन्याला आले. जुना कागद जाड होता, छातीवर पत्रा लावल्यासारखा वाटायचा. हे नवे दोन्ही मऊ होते. एकाच्या पाठीवर लाल रेघा, दुसऱ्याच्या पाठीवर निळ्या. भाऊंनी लाल त्याला दिला, निळा मला.

“एकेक टी-शर्ट छापा अन् पंधरा दिवस धुऊन पाहा,” भाऊ म्हणाले. “मशीनीत नोका धुऊ. आपलं गिऱ्हाईक खेड्यातलं, ते दगडावर धुते. जसं घरी धुतात तसंच धुवा. ज्याचा कागद टिकला तो आपन घेऊ. अन् ज्यानं नीट पारखला, शिरपूरचं त्याच्याकडं.”

त्यानं आपल्या टी-शर्टावर काहीतरीच छापलं. काही जाड रेघा, काही केसासारख्या बारीक, मध्ये एक पिवळा सूर्य आणि खाली मुंगीएवढी अक्षरं. मला वाटलं, कंटाळा केला. मी माझं पूर्ण नाव छापलं आणि त्याखाली कॉलेजचं. माझं नाव एवढ्या मोठ्या अक्षरांत मी पहिल्यांदाच बघत होतो. शनिवारी तो टी-शर्ट घेऊन इंझोरीला गेलो आणि मायच्या हातात दिला.

“माय, पंधरा दिवस धुऊन पाह्यजो. आपल्या रोजच्या कपड्यावानी. मोगरीनं.”

आमच्याकडे बोअरजवळ एक पसरट दगड आहे. त्यावर माय कपडे लाकडी मोगरीनं बडवते. तो आवाज रस्त्यापर्यंत येतो. त्या मोगरीतून जे वाचेल ते कुठेही वाचेल, असा माझा हिशेब होता.

पंधरा दिवसांनी दोन्ही टी-शर्ट भाऊंच्या टेबलावर आले. त्यानं आपला आपल्या खोलीच्या गच्चीवर धुतला होता, ब्रशानं घासून आणि कट्ट्यावर आपटून. पिवळ्या सूर्याला भेगा पडल्या होत्या, बारीक रेघा गायब होत्या, कडा उचलल्या होत्या.

“भाऊ, हा आपल्या कामाचा नाई,” तो हसत म्हणाला. “याचा सूर्य तं चौथ्याच दिवशी बुडाला.”

माझा टी-शर्ट नवा होता. नाव जसंच्या तसं. भाऊंनी अंगठ्यानं घासलं, कापड ताणलं, नखानं कडा उकरून बघितली.

“पाह्य बे कलाकार, याले म्हन्तात कागद!”

त्याचं तोंड पडेल, म्हणून मी त्याच्याकडे बघितलं. तो माझ्या पाठीवर थाप मारत म्हणाला, “जितला लेका तू!” त्याला खरंच आनंद झाला होता. मला तो आनंदसुद्धा सहन झाला नाही. त्याच्या जागी मी असतो तर मला तसं हसता आलं नसतं, हे मला तिथल्या तिथे कळलं होतं.

मग त्यानं माझा टी-शर्ट उचलला आणि उलटा करून बघितला.

“अबे, तुह्या मायनं हा मोगरीनंच धुतला ना? शिलाई तं पाह्य, नवीकोरी हाय. एक धागा निघाला नाई.”

“मंग काय मी खोटं बोलून राह्यलो?”

“तसं नाई बे. मी आपलं इचारलं.”

“तुह्या पोटात काहून दुखून राह्यलं?”

त्यानं टी-शर्ट सुलटा करून टेबलावर ठेवला. आणि सांगायला लाज वाटते, पण त्या दिवशी मला फार बरं वाटलं. एकदा तरी तो माझ्यावर जळला, असं मी धरून चाललो. खोलीवर जाताना तेच वाक्य मनात घोळवत होतो.

निळ्या कागदाची पहिली मोठी ऑर्डर नेमकी त्याच्याच गावची आली. आसेगावच्या कबड्डीच्या पोरांना पाठीवर नंबर हवे होते. कागद मी छापले, मशीनवर तो होता. दुसऱ्या दिवशी त्यांचा सामना होता, म्हणून घाई होती. पोरांनी नंबर बघून उड्या मारल्या. त्याला गावचा मोठा माणूस करून टाकलं.

तीन आठवड्यांनी त्यांच्यातलाच एक दांडगा पोरगा पिशवी घेऊन दुकानात आला. त्यानं एक टी-शर्ट काढून काउंटरवर पसरला आणि आमच्या कलाकाराला म्हणाला, “हे पाह्य. धुता धुता आठाचा तीन झाला. पंच इचारते, तू आठ नंबरचा का तीन नंबरचा? सांग, आता मी कोन हाय?”

मलाही हसू आलं. भाऊ हसले नाहीत. पोरगा गेल्यावर त्यांनी आम्हा दोघांना मागच्या खोलीत बोलावलं.

“कागद तं पास झाला होता. मंग हे कायनं झालं?”

इथे मी गप्प बसू शकलो असतो. मला काहीच माहीत नव्हतं, तेवढं तरी सांगायला हवं होतं. पण शिरपूरचं अजून जाहीर व्हायचं होतं. मी खाली बघून म्हणालो, “त्या दिवशी घाई होती, भाऊ. मशीन पुरती तापायच्या आदीच दाबली असन.”

तसं मी काही पाहिलेलं नव्हतं. ते वाक्य मात्र मी मनात दोनदा म्हणून बघितलं होतं.

त्यानं माझ्याकडे बघितलं, मग मशीनकडे. त्या दिवशीचं आठवत असावा. शेवटी म्हणाला, “असनही, भाऊ. घाई तं होती.”

शिरपूर मला मिळालं. आसेगावच्या पोरांचे सगळे नंबर त्यानं जुन्या जाड कागदावर पुन्हा छापून दिले आणि पुढच्या महिन्यापासून दुकानात यायचं बंद केलं. आता तो दुपारी मंगरूळपीरच्या एका खताच्या दुकानात बसतो. वर्गात भेटतो, मान हलवतो. बाक मीच बदलला.

शिरपूरला मी निळाच कागद चालवला. तक्रार एकही आली नाही आणि मला तोच पुरावा वाटायचा. यात्रेकरू टी-शर्ट घेतात, बसमध्ये बसतात, निघून जातात. ते घरी जाऊन कसे धुतात आणि पुढे काय होतं, हे शिरपूरपर्यंत येतच नाही, हा विचार मला कधी शिवला नाही. दुकानावर त्याचाच बोर्ड आहे. गिऱ्हाईक आलं की आधी वर बघतं आणि विचारतं, “बोर्ड कोनं काढला हो? मस्त हाय.” मी म्हणतो, “होता एक जन.” चावी माझ्या खिशात असायची, तरी त्या बोर्डाखाली बसून मी अजून जळायचो.

गेल्या आठवड्यात माय पहिल्यांदा माझं दुकान बघायला आली. बस बदलत आली आणि स्टुलावर अंग चोरून बसली. मशीनला तिनं हात लावला नाही, दुरूनच नमस्कार केला. तेवढ्यात जवळच्या खेड्यातली एक बाई आपल्या पोराच्या नावाचा टी-शर्ट करायला आली. सगळं ठरल्यावर तिनं विचारलं, “धुवाचा कसा हो हा?”

मी तोंड उघडायच्या आत माय बोलली.

“मोगरी नोका लावू बाई याले. दगडावरही नोका आपटू. बादलीत उलटा करून नुसता खंगायाचा अन् सावलीत वाळू घालाचा. माह्या पोराचा मी तसाच धुतला पंधरा दिवस. अजून नवाच्या नवा हाय.”

आधी मला वाटलं, ती दुसऱ्या कुठल्या टी-शर्टबद्दल बोलते आहे.

“माय, मी तुले मोगरीनं धुजो म्हनलो होतो ना?”

“म्हनला होता.”

“मंग?”

माझ्या डोळ्यांपुढे ती नवीकोरी शिलाई आली, आणि ती उलटी करून बघणारा त्याचा हात.

माय त्या बाईकडे बघून हसली, जसं काही त्या दोघींना कळलेलं मला एकट्यालाच कळत नव्हतं.

“बाकीचे कपडे धुतले ना मोगरीनं. पन त्याच्यावर तुह्यं नाव होतं, बाप्पा. मले वाचता येत नाई, पन तेवढं ओयखू येते. त्याच्यावर मोगरी कशी हानू मी?”