फुलदाण्यांचं पाणी

बाबांचा गावदेव रवळनाथावर जितका विश्वास होता, तितकाच चुन्यावर होता. माझा तरुणपणी दोन्हींवर नव्हता. माझा सगळा भाव सिमेंटवर. बाबा पेडण्यातले जुने मेस्त, म्हणजे गवंडी. आमच्या गावच्या चर्चची डागडुजी त्यांच्याकडेच असायची. गोव्याच्या या बाजूला चर्चं उशिरा उभी राहिली, आणि आमच्या चर्चला जागा इथल्याच एका देसायाने दिली, असं जुनी माणसं सांगतात. इमारत काही मोठी नाही. दर्शनी बाजूला दोन ठेंगणे बुरूज, त्यातल्या एकात घंटा, खिडक्यांना काचेच्या जागी पातळ शिंपले, आणि लाल चिऱ्यांच्या दोन हात जाड भिंती. आत कोरीव लाकडी वेदी, तिच्यावर जुना सोनेरी मुलामा. बाबा काम सुरू करण्याआधी त्या वेदीला हात जोडायचे आणि मगच परांचीवर चढायचे. मला त्याचं हसू यायचं.

चोवीस वर्षांपूर्वी वेदीमागच्या भिंतीचा गिलावा नव्याने करायचं ठरलं. बाबांनी जवळच्या चोपडे गावातून शिंपल्यांचा चुना आणला आणि चर्चच्या मागे खड्डा खणून त्यात विरवत ठेवला. तो नीट मुरायला महिने लागतात. मी नुकताच म्हापशाला मोठ्या बांधकामांवर काम करून आलो होतो, शहाणपण अंगात मावत नव्हतं. कमिटीच्या चारचौघांसमोर मी बाबांना म्हटलं, "तुमचो चुनो आता म्हाताऱ्यांका. सिमेंटान मी आठ दिसांत करून दितंय." लोक हसले. बाबा उठून बाहेर गेले. चर्चच्या मागे बराच वेळ काहीतरी करत राहिले, हत्यारं पिशवीत भरली आणि घरी गेले. त्यानंतर त्यांनी चर्चच्या कामाला हात लावला नाही. पाच वर्षांनी ते वारले. मी त्यांची माफी मागितली नाही; खरं सांगायचं तर मागावीशी वाटलीच नाही.

सिमेंट दिसायला झकास दिसलं आणि आतून भिंत नासत गेली. चिरा पावसात पाणी पितो आणि उन्हाळ्यात सोडतो; मी त्याला सोडायला वाटच ठेवली नव्हती. ओल वेदीत शिरली, मागचं लाकूड बोटाने खरवडलं तरी भुगा पडू लागला. गेल्या वर्षी एका इंजिनियरने सांगितलं की भिंत पाडून काँक्रीटची करा. त्यासाठी वेदी उतरवावी लागणार होती, आणि उतरवताना ती टिकेल असं कुणीच छातीठोकपणे सांगेना. नव्याने आलेल्या पाद्रींनी मला बोलावलं. मी म्हटलं, सिमेंट काढून चुन्याने करून बघतो. पावसाळ्यापूर्वी एका कोपऱ्यावर तरी चुना टिकवून दाखव, नाहीतर भिंत पाडायची, असं ठरलं. आधीचं काम कुणाचं, असं पाद्रींनी सहज विचारलं. कुणा अडाण्याने केलंय, असं मी त्यांच्या तोंडावर सांगून मोकळा झालो.

दिवाळीनंतर सिमेंट उतरवलं, भिंत उघडी ठेवून सुकू दिली. बाबांचा जुना खड्डा कधीच बुजला असेल असं धरून बाजारातून पोत्यातला चुना आणला. आठवेल तसं बाबांचं करणं आठवून गुळाचं पाणी घातलं. तीनदा कोपरा केला, तिन्ही वेळा वाळल्यावर खपल्या सुटल्या. एप्रिल संपत आला. रवळनाथाला गाऱ्हाणं घालून झालं होतं. तिसऱ्या खेपेच्या खपल्या झाडून झाल्यावर मी भर दुपारी रिकाम्या चर्चमध्ये शेवटच्या बाकावर जाऊन बसलो. तिथं कसं मागायचं, ते मला येत नव्हतं. "मीच केलं, आणि आता मला निस्तरता येत नाही. तू बघ," एवढंच मनात म्हटलं. बाबांचा चेहरा डोळ्यांसमोर आला आणि मला रडू फुटलं.

तोंड धुवायला मागच्या दाराने बाहेर आलो. वेदीवरची फुलं बदलणारी रोझीमाय तिथं पितळी फुलदाण्या धूत होती. ऐंशीच्या पुढची बाई, कुणाच्या अध्यात ना मध्यात. धुऊन झाल्यावर फुलांचं जुनं पाणी तिने चार पावलांवरच्या अबोलीला न घालता भिंतीकडेच्या गवत माजलेल्या उंचवट्यावर नेऊन ओतलं. मी उगाच विचारलं, तिथं कशाला?

"तुज्या बापायन सांगिल्लें," ती म्हणाली. "हें सुकूंक दिवं नाका, हे भिंतीक एक दीस गरज पडटली. म्हूण घालतां, पुता."

हे सुकू द्यायचं नाही, एवढंच बाबा तिला सांगून गेले होते; खाली काय आहे, हे तिने कधी विचारलं नव्हतं. भिंतीला सिमेंट कुणी फासलं, हे मात्र तिला पहिल्यापासून ठाऊक होतं, आणि एका शब्दाने ती कुणाला बोलली नव्हती. मी फावडं आणलं. गवत, दगड, माडाची कुजलेली चुडतं, मग ओली वाळू. वाळूखाली चुना होता, चोवीस वर्षांचा, लोण्यासारखा मऊ. मी त्यात कोपरापर्यंत दोन्ही हात घातले.

त्या पांढऱ्या हातांनीच पाद्रींकडे गेलो. तो अडाणी मीच, हे सांगितलं, बाबांना काय बोललो तेही सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "सांगलेंस तें बरें केलेंस," ते म्हणाले. "आता कामाक लाग."

दुसऱ्या दिवशी वेदीला हात जोडले आणि परांचीवर चढलो. या वेळी कोपऱ्यावर चुना धरला. तीन आठवड्यांनी इंजिनियरने ठोकून पाहिला, नखाने खरवडून पाहिला, आणि भिंत राहू द्या म्हणाला. वेदी जागची हलली नाही.

याला चमत्कार म्हणावं की नाही, ते मला कळत नाही. ओला राखून झाकलेला चुना टिकतो, हे कुठलाही जुना मेस्त सांगेल. पण मी भर सभेत ज्यांचा अपमान केला, त्यांनी त्याच दिवशी, रागाच्या भरात नव्हे, माझी चूक पुढे निस्तरता यावी म्हणून खड्डा झाकला. आणि एका बाईने काही न विचारता त्यावर पाणी घातलं. मी देवापुढे हात टेकले त्याच्या कितीतरी आधी मदत भिंतीच्या पलीकडे तयार होती. माझी ऐटच तेवढी आड येत होती.

उरलेला चुना पुन्हा वाळूखाली झाकला. रोझीमायच्या हाताला आता कंप सुटतो, म्हणून रविवारी मिस्साची प्रार्थना संपली की फुलदाण्यांचं पाणी मीच नेऊन ओततो. तो चुना पुढे कधी आणि कुणाच्या हाताला लागेल, ते मी विचारत नाही.