साडूभाऊंचे न पुसलेले कंटेनर

माझ्या साडूभाऊंइतका मदतीला तत्पर, आणि म्हणूनच असह्य, माणूस चंद्रपूर-गडचिरोलीच्या अख्ख्या जंगलपट्ट्यात दुसरा नाही. मूल गावात एका राइस मिलच्या माडीवर आम्ही दोघं एक ॲप चालवतो. सर्पदंशावरचं औषध कोणत्या दवाखान्यात शिल्लक आहे, ते त्यात दिसतं. ॲपमध्ये बदल केला की पुढचं सगळं आपोआप व्हावं, अशी सोय मी करून ठेवली आहे. संगणक एक कंटेनर उघडतो, म्हणजे कामापुरती एक कोरी, बंद खोलीच समजा. तिच्यात ठरलेल्या कमांड ओळीने चालवतो, तपासतो, नवं ॲप बांधतो आणि कंटेनर पुसून टाकतो. माणसाने मध्ये लुडबुड करायची नाही. नेमकं तेवढंच साडूभाऊंना जमत नाही.

कमांड अडली रे अडली की "थांब, मी आत जाऊन पाह्यतो," म्हणत ते थेट त्या कंटेनरात शिरायचे. दोन बोटांनी टाइप करत हातानेच कमांड चालवायचे, काहीतरी जुळवायचे आणि गड जिंकल्यासारखे माझ्याकडे बघायचे. पुढच्या खेपेला नवा कोरा कंटेनर उघडायचा आणि तीच कमांड त्याच जागी अडायची. "भाऊ, तुमची दुरुस्ती त्या कंटेनरासोबत गेली! मूळ फाइलीत लिहा ना!" मी ओरडायचो. त्यांना भलतंच दुःख व्हायचं. "चांगला चालता केलो होतो ना मी त्याले. पुसलास काऊन?" शेवटी त्यांनी मला न विचारता पुसण्याची कमांडच काढून टाकली. वर एकेका कंटेनरला नावं ठेवली: लंगडा, शहाणा, चामोर्शीचा पाव्हणा.

ऐन धानाच्या रोवणीत ॲप आदल्या दिवशीचाच साठा दाखवू लागलं. मी घाईने दुरुस्ती लिहून पाठवली, तर संगणक म्हणाला, जागा नाही. लंगड्यापासून पाव्हण्यापर्यंत सगळे आत ठाण मांडून बसलेले. तेवढ्यात एका नर्सबाईंचा फोन आला. "धानाच्या बांधीत बाईले साप चावला जी. तुमच्या ॲपवर औषध हाये म्हनून इथी आनलं, अन् इथी तर सरलं!"

"भाऊ, तुमच्या त्या पाव्हण्यानं..." मी सुरू केलं, पण साडूभाऊंनी माझ्या हातातून फोन घेतला होता. दवाखान्यामागून दवाखाना लावत त्यांनी औषध शोधलं, बाईची गाडी तिकडे वळवली आणि ती पोचेपर्यंत सोबतच्या तिच्या भावाशी बोलत राहिले. "पाय हालू देऊ नको तिचा. घाबरू नको, मी आहो ना लायनीवर." मी दातओठ खात एकेक कंटेनर पुसत होतो. त्यांनी वळून पाहिलंसुद्धा नाही.

बाई वाचली.

पुढच्या आठवड्यात साडूभाऊ कामावर आलेच नाहीत. मी चिडून फोन लावला. मागे पाण्याची चुळूकबुळूक आणि बायकांचे आवाज.

"तिच्या बांधीत आहो. पाय सुजला हाये तिचा, रोवनी मांगं पडली," ते म्हणाले. "तू चालव ना तुझं. आता मी नाई मधात."

मी फोन ठेवला आणि नवा बदल पाठवला. कमांड ओळीने चालल्या, कुठेही अडल्या नाहीत. कंटेनर निमूटपणे पुसला गेला. ओरडायला माडीवर कोणी नव्हतं. मी उगाचच दोन चहा सांगितले.